लॉनवरचा अल्टो सॅक्सोफोन: नागपूरच्या हवेत स्मूथ जॅझचा सूर कसा सांभाळायचा

नागपुरात लॉनवरची रिसेप्शनं डिसेंबरच्या थंडीतही होतात आणि मेच्या उन्हाळ्यातही. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली साथ, दोन्ही वेळी ए = ४४० हर्ट्झवरच असतो, सॅक्सोफोन मात्र हवेबरोबर सरकतो. नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे सेमीटोनचा, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग). स्मूथ जॅझमध्ये लांब, उघडे सूर जास्त, त्यामुळे काही अंशांचा फरकही कानाला टोचतो.

म्हणून एसीच्या खोलीत ट्यूनिंग उरकू नका. जिथे वाजवायचं तिथेच ५-७ मिनिटं फुंकून वाद्य तापवा आणि मग ट्यूनर लावा. अल्टोवर बोटांनी एफ शार्प धरला की प्रत्यक्षात ए वाजतो, ट्यूनरवर तोच बघा. सूर चढा असेल तर माऊथपीस कॉर्कवरून थोडा बाहेर काढा, उतरला असेल तर आत ढकला. एकदम फार ओढू नका, कारण ज्या सुरांना नळी आखूड लागते ते जास्त उतरतात आणि सप्तकच बिघडतं. उरलेला फरक ओठांनी भरून काढा. डेझर्ट कूलरच्या झोतासमोर उभं राहणं टाळा. नळी थंड पडते, शिवाय माइकमध्ये वारा घुसतो.

खरी परीक्षा रीडची, म्हणजे माऊथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातळ पातीची. मे महिन्याच्या कोरड्या हवेत दोन गाण्यांच्या मधल्या वेळातही ती वाळते, टोकाला लाट येते आणि नेमका हळुवार सूर चिरकतो. २.५ नंबरच्या चार रीड्स ठेवा, पेन्सिलीने क्रमांक घाला आणि आळीपाळीने वापरा. वाजवण्याआधी २ मिनिटं स्वच्छ पाण्यात भिजवा. टोक वाकडं दिसलं तर ओली रीड काचेवर सपाट दाबून धरा. थांबलात की माऊथपीसवर कॅप लावायचीच.

मुलायमपणा येतो सबटोनमधून, म्हणजे हवेची सळसळ मिसळलेल्या मऊ, दबक्या सुरातून. मधल्या जी पासून खालच्या बी फ्लॅटपर्यंत जबडा सैल सोडा, खालचा ओठ किंचित मागे घ्या, पण पोटाचा दाब कमी करू नका. दाब गेला की नुसती हवा ऐकू येते. व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचा हेलकावा, जबड्याने द्यायचा. मेट्रोनोम ७२ वर ठेवून एका ठोक्यात तीन हेलकावे, मग चार. सूर आधी सरळ धरा, हेलकावा शेवटी द्या. पहिल्या क्षणापासून थरथरला तर गाणं रडकं होतं. खालून मींडेसारखं सुरावर चढणं दर ओळीत करू नका. स्मूथ जॅझचे ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर आणि हिंदी चित्रपटगीतांतले मनोहारी सिंग हे सॅक्सोफोनवादक ऐकताना त्यांनी सूर कुठे सोडला हे बघा. शिकण्यासारखं तिथे फार आहे.

गायकासोबत वाजवताना पट्टी आधी विचारा. काळी दोन असेल तर अल्टोवर सा सरळ सी वर येतो. एरवी तीन सेमीटोन खाली मोजायचं: पांढरी एकला ए, पांढरी चारला डी.

वाद्याची पेटी बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पॅड, म्हणजे नळीची छिद्रं झाकणाऱ्या चामडी गाद्या, चिकटवणारी लाख किंवा ग्लू मऊ होतो, पॅड तिरका बसतो आणि हवा गळते. खालचा बी फ्लॅट नेहमीपेक्षा जोर मागू लागला, तर गळती आहे असं समजा. पावसाळ्यात त्रास उलटा: जी शार्पचा पॅड चिकटतो. त्याखाली सिगारेटचा पातळ कागद ठेवून पॅड वरून हलके दोन-तीनदा दाबा, ओल टिपली जाते. दाबलेल्या पॅडखालून कागद ओढू नका, चामडं फाटतं.