हुकूमशाही, राष्ट्रवाद आणि राजकीय हिंसा : लिहिताना या चुका टाळा

तौलनिक राजकारणावरचे निबंध, प्रकल्प, वर्तमानपत्री विश्लेषणं वाचताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘हुकूमशहाने राष्ट्रवाद भडकवला आणि त्यातून हिंसाचार उसळला.’ वाक्य खोटं नाही, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. बंदूक कोणाच्या हातात होती? हुकूम कोणी दिला, कोणी पाळला, कोणी नाकारला? आणि शेजारच्या जिल्ह्यात सगळं तसंच असूनही तिथे रक्त का सांडलं नाही? भावना आणि खून यांच्या मध्ये नेहमी एक यंत्रणा असते. ती वगळली की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

सगळ्या हुकूमशाह्या एकाच माळेचे मणी समजणं

स्पेनचे फ्रँको, चिलीचे पिनोशे, काँगोचे मोबुटू, इराकचे सद्दाम हुसेन आणि मेक्सिकोचा २००० पर्यंतचा सत्ताधारी पक्ष यांना एकच लेबल लावलं, तर पुढचं विश्लेषण उभंच राहत नाही. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनवर लिहिताना हा फरक नेमका पकडला. तिथे विरोधकांसाठी तुरुंग होता, पण लष्कर, चर्च, राजेशाहीवादी आणि फालान्ख पक्ष यांच्यात आपापसांत रस्सीखेचही चालू होती. अख्ख्या समाजाला एका विचारसरणीच्या साच्यात ओतण्याचा हिटलर किंवा स्टालिनचा अट्टहास तिथे नव्हता.

‘फॅसिस्ट’ हे विशेषण तर फारच सैलपणे वापरलं जातं. पोर्तुगालमध्ये सालाझार यांनी १९३४ मध्ये आपल्याच देशातल्या फॅसिस्ट वळणाच्या ‘निळ्या सदऱ्यां’च्या संघटनेवर बंदी घातली. रोमानियात अँटोनेस्कू यांनी जानेवारी १९४१ मध्ये आयर्न गार्ड या फॅसिस्ट संघटनेचं बंड लष्कर उतरवून चिरडलं. दोघेही लोकशाहीचे शत्रूच, पण रस्त्यावरच्या जमावाची ताकद त्यांना नको होती. त्यांची सत्ता नोकरशाही आणि लष्करावर उभी होती. दोन्ही प्रकारांना एकच नाव दिलं तर ही झुंज का झाली, हे सांगता येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. राजवटीचं नाव लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा : सत्ताधीशाला पदावरून कोण काढू शकतं, त्याचा वारस कसा ठरतो, आणि गुप्त पोलीस कोणाला उत्तर देतात? अर्जेंटिनात १९७६ नंतर तिन्ही सैन्यदलांनी सत्ता वाटून घेतली आणि विदेला, व्हिओला, गाल्तिएरी, बिन्योने असे राष्ट्राध्यक्ष बदलत गेले. चिलीत पिनोशे यांनी सूत्रं स्वतःच्या हाती एकवटली. मेक्सिकोत एकच पक्ष १९२९ पासून २००० पर्यंत सत्तेत राहिला, पण राष्ट्राध्यक्ष मात्र दर सहा वर्षांनी घरी जात असे. बार्बरा गेडिस यांनी लष्करी, पक्षीय आणि व्यक्तिकेंद्री राजवटी वेगळ्या काढल्या त्या यासाठीच, की त्या वेगवेगळ्या पद्धतीने कोसळतात. लष्करात फूट पडू लागली की सेनाधिकारी बराकीत परतून आपली संस्था वाचवू शकतात. व्यक्तिकेंद्री हुकूमशहाला परतायला जागाच नसते, म्हणून तो शेवटपर्यंत लढतो.

याच्याच पोटातली एक चूक म्हणजे हुकूमशहाला खरा धोका जनतेकडून असतो असं गृहीत धरणं. मिलान स्वोलिक यांच्या मोजणीनुसार १९४६ ते २००८ या काळात घटनाबाह्य मार्गाने सत्ता गमावलेल्या ३०३ हुकूमशहांपैकी २०५ जणांना राजवटीच्या आतल्या माणसांनीच हटवलं. जनतेच्या उठावाने गेलेले फक्त ३२. म्हणून दडपशाहीचा अभ्यास करताना चौकात काय चाललंय याच्याइतकंच मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती कोण बसलंय, हेही पाहावं लागतं.

‘शतकानुशतकांचं वैर’ हे कारण म्हणून देणं

मला सर्वाधिक त्रास देणारी चूक ही. तिच्यामुळे मारणारे सुटतात आणि मेलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलै या जेमतेम शंभर दिवसांत लाखो तुत्सींची आणि विरोध करणाऱ्या हुतूंची हत्या झाली. ‘दोन जमातींचं जुनं वैर’ असं त्याचं वर्णन त्या वेळी जगभर छापून आलं. प्रत्यक्षात हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, बहुतेक एकाच धर्माचे होते, एकाच टेकडीवर शेजारी शेती करत होते. कोण हुतू आणि कोण तुत्सी हे कागदावर पक्कं केलं ते बेल्जियन वसाहती प्रशासनाने, १९३० च्या दशकात ओळखपत्रं देऊन. साठ वर्षांनी रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच नोंद पाहून माणसं बाजूला काढली गेली.

आता बुतारे प्रांताकडे जरा जवळून पाहा. दक्षिणेतल्या या प्रांतात तुत्सींचं प्रमाण मोठं होतं. वैर हेच कारण असतं तर तिथे पहिल्याच दिवशी आग लागायला हवी होती. पण राजधानी किगालीत ७ एप्रिलपासून कत्तल चालू असताना बुतारेत जवळपास दोन आठवडे ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली नाही. प्रांताधिकारी झाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातले एकमेव तुत्सी प्रांताधिकारी होते आणि त्यांनी प्रशासन हातचं जाऊ दिलं नाही. मग त्यांना पदावरून काढण्यात आलं. १९ एप्रिलला नव्या अधिकाऱ्याच्या शपथविधीला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः आले आणि त्यांनी लोकांना ‘कामाला लागा’ असं भाषण केलं. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांना कळला. सैनिक उतरले आणि बुतारेतही कत्तल सुरू झाली. पुढे हाब्यालिमाना यांनाही मारण्यात आलं.

त्या दोन आठवड्यांत लोक बदलले नव्हते, इतिहास बदलला नव्हता, दोन्ही समाजांचं प्रमाणही बदललं नव्हतं. बदलला होता अधिकारी, आणि वरून आलेला आदेश. जी गोष्ट आधीही होती आणि नंतरही तशीच आहे, ती बदलाचं कारण असू शकत नाही. आपल्या मसुद्यात ‘पूर्वापार’, ‘मुळातच’, ‘स्वभावतः’ असे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे तारीख आणि पदनाम घालून वाक्य पुन्हा लिहा. तारीख सापडत नसेल, तर अजून वाचायचं बाकी आहे असं समजा.

फिअरन आणि लेटिन यांनी १९४५ ते १९९९ या काळातली यादवी युद्धं तपासली तेव्हाही हाच मुद्दा वेगळ्या वाटेने पुढे आला. देशाचं उत्पन्न लक्षात घेतलं, की समाजात किती वंश किंवा धर्म आहेत यावरून यादवी होईल की नाही हे फारसं सांगता येत नाही. गरिबी, दुबळं राज्य, बंडखोरांना लपायला सोयीचा डोंगराळ मुलूख या गोष्टी जास्त बोलतात.

फक्त रक्त सांडलेले देश निवडणं

रवांडा, बोस्निया, सीरिया, म्यानमार असे चार देश घ्यायचे, चारही ठिकाणी वांशिक राजकारण दिसलं की ‘वांशिक राजकारणामुळे हिंसा होते’ असा निष्कर्ष काढायचा. अशा निबंधाला कितीही तपशील जोडले तरी तो सिद्ध काहीच करत नाही, कारण वांशिक राजकारण असूनही शांत राहिलेले देश यादीत आलेलेच नसतात.

याला उतारा म्हणजे डॅनियल पोस्नर यांनी अभ्यासलेली झांबिया आणि मलावी यांची सीमा. चेवा आणि तुंबुका हे दोन समाज या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. सीमा वसाहतकाळात आखली गेली, समाज पाहून नव्हे. सांस्कृतिक फरक दोन्हीकडे सारखाच. तरी मलावीत हे दोन गट राजकीय प्रतिस्पर्धी आणि झांबियात मित्र. पोस्नर यांचं उत्तर संख्याबळात आहे. छोट्या मलावीत दोन्ही गट इतके मोठे की त्यांच्या नावाने मतं मागितली तर सत्तेपर्यंत पोचता येतं. झांबियात दोघेही लहान, म्हणून पूर्वेकडचे लोक म्हणून ते एकत्र येतात. अस्मिता तीच, पण ती वापरण्यातला फायदा वेगळा.

तुमच्या विषयासाठी अशी जोडी शोधा : शक्य तितक्या बाबतींत सारखी, निकालात मात्र वेगळी. २०११ मध्ये ट्युनिशिया आणि सीरिया दोन्हीकडे लोक रस्त्यावर आले. ट्युनिशियाचं छोटं, राजकारणापासून दूर ठेवलेलं सैन्य राष्ट्राध्यक्ष बेन अलींसाठी लोकांवर चालून गेलं नाही आणि १४ जानेवारीला बेन अली देश सोडून गेले. सीरियात मोक्याच्या तुकड्या सत्ताधारी असद घराण्याशी नशीब बांधलेल्या अलावी पंथाच्या अधिकाऱ्यांकडे होत्या. तिथे गोळीबार झाला, यादवी पेटली आणि राजवट डिसेंबर २०२४ पर्यंत टिकली. आंदोलकांचा राग मोजून हा फरक कळणार नाही, सैन्याची भरती आणि बढत्या पाहाव्या लागतील.

राष्ट्रवादाला हुकूमशहाचं हुकमी हत्यार मानणं

३० मार्च १९८२ रोजी ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकाकडे निघालेला कामगार संघटनांचा मोर्चा जुंटाने (सत्तेतल्या लष्करी मंडळाने) लाठ्या आणि अटकांनी मोडला. २ एप्रिलला अर्जेंटिनाचं सैन्य फॉकलंड बेटांवर उतरलं आणि त्याच चौकात जयजयकार करणारी गर्दी जमली. इथे थांबणारा लेखक म्हणतो, पाहा, राष्ट्रवाद कसा कामी आला. पण १४ जूनला सैन्याने शरणागती पत्करली, गाल्तिएरी यांना काही दिवसांतच पायउतार व्हावं लागलं आणि पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या. ग्रीसमध्ये सत्तेत असलेल्या लष्करी कर्नलांचंही तेच झालं. त्यांनी १५ जुलै १९७४ रोजी सायप्रसमध्ये उठाव घडवला, २० तारखेला तुर्की सैन्य बेटावर उतरलं आणि त्याच आठवड्यात अथेन्समधली राजवट संपली. राष्ट्राच्या नावाने सत्ता मागणाऱ्याचा हिशोबही लोक राष्ट्राच्याच नावाने मागतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियात लाखो लोकांनी टालिनपासून व्हिल्नियसपर्यंत हात धरून साखळी केली. हेही राष्ट्रवादीच होते, आणि त्यांनी कोणाला ओरखडाही काढला नाही. म्हणून ‘राष्ट्रवाद वाढला’ असं लिहून सोडू नका. राष्ट्रात कोणाला धरलं, कोणाला वगळलं आणि ती व्याख्या राबवायला कोणती यंत्रणा होती, हे लिहा.

निवडणूक झाली म्हणजे लोकशाही, किंवा निवडणूक निव्वळ नाटक

दोन्ही टोकं चुकीची. लेव्हिट्स्की आणि वे यांनी ‘स्पर्धात्मक अधिकारशाही’ ही संकल्पना मांडली ती अशाच राजवटींसाठी, जिथे मैदान सत्ताधाऱ्यांच्या बाजूने उतरतं असतं पण सामना खरा असतो. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ चं सार्वमत पिनोशे यांनी स्वतःच्याच राज्यघटनेनुसार घेतलं. सुमारे ५६ टक्के मतं ‘नाही’ला पडली. त्या रात्री सरकार निकाल लांबवत असताना हवाई दलप्रमुख फर्नांडो मात्थेई यांनी ला मोनेदा राजवाड्यात शिरताना पत्रकारांसमोर ‘नाही’ जिंकल्याचं सांगून टाकलं. त्यानंतर निकाल फिरवणं जवळपास अशक्य झालं. मतपेटी आणि जुंटातली फूट, दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ही रात्र समजत नाही.

शांततेला पाठिंबा समजणं

कमी खून म्हणजे सौम्य राजवट नव्हे. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेत १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरे वेगळे, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम दीड कोटीच्या पुढे. इतकी नजर असली की गोळी झाडावी लागत नाही. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर आले. हे सगळे आदल्या दिवशी समाधानी नव्हते. टिमुर कुरान यांनी दाखवल्याप्रमाणे भीतीपोटी लोक खरं मत लपवतात, आणि शेजारीही तसाच विचार करतो हे कळलं की तोल एकदम ढळतो. तेव्हा हुकूमशाहीतली मतदानाची टक्केवारी किंवा लोकप्रियतेचा कौल पुरावा म्हणून देताना, ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं हे त्याच वाक्यात नोंदवा.

हिंसेशिवाय हुकूमशाही जात नाही असं ठरवून टाकणं

चेनोवेथ आणि स्टीफन यांनी १९०० ते २००६ दरम्यानच्या प्रतिकाराच्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र मोहिमांपैकी २६ टक्के. पण हा सरासरीचा आकडा आहे. एखाद्या देशातल्या आंदोलकांना त्यावरून उपदेश करू नये.

आकडे उचलून चिकटवणं

अर्जेंटिनात बेपत्ता झालेल्यांची संख्या कुठे जवळपास नऊ हजार लिहिलेली असते, कुठे तीस हजार. पहिला आकडा १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या सरकारी आयोगाने तोवर नोंदवू शकलेल्या प्रकरणांचा आहे, दुसरा मानवी हक्क संघटनांचा. रवांडात संशोधकांचे बरेचसे अंदाज पाच ते आठ लाखांच्या दरम्यान आहेत, तर तिथलं सरकार दहा लाखांहून अधिक सांगतं. यातला सोयीचा आकडा निवडणं किंवा दोघांची सरासरी काढणं हा मृतांशी अप्रामाणिकपणा आहे. कोणी मोजलं, कधीपर्यंतचं मोजलं, आणि मोजणीत फक्त नाव-गावासह नोंदलेले आहेत की अंदाजाने धरलेलेही, हे आकड्याच्या शेजारीच लिहा. बेपत्ता व्यक्तीला पुराव्याशिवाय मृतांच्या रकान्यात टाकू नका, कारण तिचं काय झालं हे सांगण्याची जबाबदारी तिला उचलून नेणाऱ्यांवर अजून बाकी असते.