जुनं काम सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळताना: नागपूरकरांसाठी आखणी

बँकेत, औषधांच्या वितरकाकडे, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाला डेटा अ‍ॅनालिस्ट (आकड्यांतून धंद्याचं चित्र मांडणारा) व्हायचं असेल, तर आधी हे ठरवा: जुनं काम पुसून टाकायचं नाही. कोड लिहिणारे ताजे पदवीधर कंपन्यांना मिळतात. पण रिपोर्टमध्ये गोदामातून १०० पेट्या निघाल्या आणि दुकानांत १०३ पोचल्या असं दिसलं, की परतीचा माल कुठेतरी दोनदा मोजला गेलाय हे चटकन ओळखायला त्या धंद्यातलाच माणूस लागतो. तीच तुमची जमेची बाजू. वितरणातल्या माणसानं विक्री आणि साठ्याचं विश्लेषण धरावं, बँकेतल्यानं कर्जवसुलीचं, कारखान्यातल्यानं उत्पादन आणि रिजेक्शनचं.

वेळ किती लागेल? सोमवार ते शनिवार रोज दीड तास आणि रविवारी तीन तास, म्हणजे आठवड्याला १२ तास दिले तर आठ ते दहा महिने धरा. तोवर नोकरी सोडू नका. लॅपटॉप विंडोजचाच घ्या, कारण पॉवर बीआय डेस्कटॉप (रिपोर्ट आणि चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर) मॅकवर चालत नाही. रॅम किमान ८ जीबी, जमलं तर १६, आणि डिस्क एसएसडी.

पहिले सहा आठवडे एक्सेल. ‘एक्सेल तर येतंच’ म्हणून हा टप्पा उडवू नका. पिव्होट टेबल, सम-इफ्स, एक्सलूकअप (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यात शोधून देणारं सूत्र) आणि पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा आणून साफ करायचं एक्सेलमधलं साधन) हात न अडखळता आलं पाहिजे. ऑफिसात जुनं एक्सेल असेल तर एक्सलूकअप मिळणार नाही, तिथे व्हीलूकअप वापरावं लागतं. त्याच्या सूत्रातली चौथी नोंद लिहिलीच नाही की ते जवळपासची किंमत उचलतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. तिथे दर वेळी फॉल्स लिहा.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिलची नोंद ४ मार्च होते, आणि २५/०४/२०२४ ही तारीखच न राहता नुसता मजकूर उरतो. म्हणजे एप्रिलची काही विक्री भलत्याच महिन्यांत जाते आणि उरलेली गाळली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख कप्प्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. उपाय असा: सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामानं तोडलेली) फाइल थेट उघडू नका, डेटा टॅबमधून पॉवर क्वेरीत आणा. तिथे आपोआप पडलेली ‘चेंज्ड टाइप’ पायरी काढून टाका, मग तारखेच्या रकान्यावर उजवी क्लिक करून ‘चेंज टाइप, युजिंग लोकेल’मध्ये डेट आणि इंग्लिश (इंडिया) निवडा. फाइल आणताना सुरुवातीच्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’ला ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवलं, की गावांची मराठी नावंही चौकटी-चिन्हांत न बदलता नीट येतात.

यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागायची भाषा, आणि यालाच सर्वात जास्त, दहा आठवडे द्या. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस फुकट मिळतात. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग पंधरा दिवसांत येतं. खरा कस जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडण्यात लागतो. एक उदाहरण हातानं कागदावर करून बघा. बिलांच्या तक्त्यात १०,००० रुपयांचं एक बिल आहे. वसुलीच्या तक्त्यात त्याच बिलापोटी ६,००० आणि ४,००० अशा दोन नोंदी आहेत. दोन्ही तक्ते बिल नंबरवर जोडले की ते एक बिल दोन ओळींत येतं, आणि बिलाच्या रकमेची बेरीज २०,००० होते. क्वेरी बिनचूक चालते, एरर येत नाही, आकडा मात्र दुप्पट. म्हणून आधी वसुली बिलनिहाय ग्रुप बायनं एका ओळीत आणायची, मग जोडायची. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावा.

दुसरा सापळा लेफ्ट जॉइनचा, म्हणजे पहिल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ ठेवणाऱ्या जोडणीचा. या महिन्यात एकही बिल न झालेली दुकानं शोधायची म्हणून दुकानांची यादी बिलांशी लेफ्ट जॉइन केली आणि बिलाच्या तारखेची अट व्हेअरमध्ये टाकली, तर नेमकी तीच दुकानं गळतात, कारण त्यांच्या ओळीत तारीख नल (रिकामी) किंवा दुसऱ्या महिन्याची असते. अट ऑनमध्ये, म्हणजे तक्ते जोडण्याच्या ओळीतच हवी. पुढे विंडो फंक्शन (ओळी एकत्र न करता क्रमांक किंवा चालती बेरीज देणारी) शिका. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पहिल्या नोकरीनंतर शिकलं तरी चालतं.

पॉवर बीआयला सहा आठवडे पुरतात. डेस्कटॉप फुकट आहे, पण रिपोर्ट ऑनलाइन टाकायला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. दाखवण्यासाठी पीडीएफ आणि दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. त्याच प्रकारचं टॅब्लो पब्लिकही फुकट आहे, मात्र तिथे टाकलेलं सगळं जगाला दिसतं. सध्याच्या कंपनीचा डेटा तिथेच काय, घरच्या लॅपटॉपवरही आणू नका.

मग प्रोजेक्ट. नेटवरून उचललेले टायटॅनिकचे प्रवासी किंवा एखाद्या सुपरस्टोअरची विक्री मुलाखत घेणाऱ्यानं शंभरदा पाहिलेली असते. त्यापेक्षा कळमना बाजाराचा संत्र्याचा भाव घ्या. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतात. तीन वर्षांचा डेटा उतरवा आणि एकच प्रश्न विचारा: आवक वाढली की भाव किती पडतो?

इथे नागपूरची माहिती कामी येते. संत्र्याचे बहार (फळं येण्याचे हंगाम) दोन. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. वर्षभराची एकच सरासरी काढली तर दोन वेगळे हंगाम एकत्र कालवले जातात आणि उत्तराला अर्थ उरत नाही. प्रत्येक ओळीला बहाराचा रकाना जोडा. एककं तपासा: भाव क्विंटलमागे असतो, आवक कुठे टनांत तर कुठे क्विंटलमध्ये, आणि एक टन म्हणजे १० क्विंटल. सरासरी आवकेच्या वजनानं काढा. एका दिवशी २०० क्विंटल ३,००० रुपयांनी विकला गेला आणि दुसऱ्या दिवशी २० क्विंटल ५,००० नं, तर साधी सरासरी ४,००० येते, पण बाजारात खरोखर मिळालेला भाव क्विंटलला सुमारे ३,१८२ रुपये. बाजार बंद असलेल्या दिवशी आवक शून्य लिहायची नाही, तो दिवस वगळायचा. काय वगळलं आणि का, याची पानभर नोंद प्रोजेक्टसोबत जोडा. मुलाखतीत चार्टपेक्षा त्या पानावर जास्त बोलणं होतं.

असे दोन प्रोजेक्ट पुरे. दुसरा तुमच्या जुन्या क्षेत्रातला असू द्या, डेटा सरकारी खुल्या पोर्टलवरचा किंवा स्वतः बनवलेला. बनवलेला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

क्लास लावायचा असेल तर फी भरण्याआधी एक तास बसून बघा: शिकवणारा कोऱ्या फाइलवर क्वेरी लिहून दाखवतो की स्लाइड वाचतो? ‘नोकरीची हमी’ लेखी मागा, अटींसकट. फी कर्जावर असेल तर ते वेगळ्या वित्त कंपनीचं असू शकतं आणि क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. खोटा अनुभव लावून देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. पीएफच्या यूएएन या खातेक्रमांकाखाली कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते दिसतं, कंपन्या ते तपासतात, आणि रुजू झाल्यानंतरही काढून टाकतात.

नोकरी शोधताना फक्त ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ टाकू नका. एमआयएस एक्झिक्युटिव्ह (एमआयएस म्हणजे कंपनीचे नेहमीचे रिपोर्ट), रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट, सेल्स ऑपरेशन्स याही नावांनी शोधा. दरवाजा बहुधा तिथून उघडतो. मिहानमधल्या आणि परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्या बघाच, पण कारखाने, हॉस्पिटलं, वितरक आणि ट्रान्सपोर्टवाले यांच्याकडेही एमआयएसचं काम असतं आणि तिथे तुमचा जुना अनुभव मोजला जातो. सगळ्यात जवळची वाट म्हणजे सध्याच्याच ऑफिसात दर सोमवारी हातानं बनणारा एखादा रिपोर्ट मागून घ्यायचा आणि पॉवर क्वेरीवर बसवायचा. तीन तासांचं काम दहा मिनिटांवर आलं, तर ती ओळ आकड्यासकट बायोडेटात सर्वात वर लिहा. बायोडेटा एका पानाचा.

मुलाखतीत बहुतेकदा एसक्यूएल लिहायला लावतात. दुसरा सर्वाधिक पगार, दुबार नोंदी, चालती बेरीज हे प्रश्न कागदावर सोडवून ठेवा. गुण ९०, ९०, ८० असतील तर रो नंबर १, २, ३ देतो, रँक १, १, ३ आणि डेन्स रँक १, १, २. हा फरक हमखास विचारतात. पगार सुरुवातीला सध्यापेक्षा कमी मिळू शकतो, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलेला असावा. नोटीस पिरियड ६० किंवा ९० दिवसांचा असेल तर अर्जातच खरा आकडा लिहा, आणि नव्या कंपनीचं ऑफर लेटर पगाराच्या फोडीसकट हातात आल्यावरच राजीनामा द्या.