संध्याकाळी बाळ अंगावरून खालीच उतरत नाही तेव्हा

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितंच. त्यातून संध्याकाळी बरीच बाळं लागोपाठ पितात. दहा मिनिटं सोडलं की पुन्हा तोंड उघडून शोधायला लागतात. माझी लेक बाळंतपणाला आमच्याकडे कर्वेनगरला आली आहे. दिवेलागणीपासून आमची जेवणं उरकेपर्यंत नात तिच्या अंगावरच. भेटायला येणाऱ्या निम्म्या बायका विचारतात, "दूध पुरतंय ना गं तिला?" हा प्रश्न चपलांबरोबर दाराबाहेरच ठेवावा.

पुरतंय का, ते लंगोटांवर बघा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट, पिवळी पातळ शी, आणि सुरुवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून आलं, म्हणजे पुरतंय. लंगोट कोरडे राहत असतील, बाळ मलूल असेल, प्यायला उठतच नसेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

सगळ्यात महत्त्वाची बाळाची पकड. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवा, मान वळलेली नको. निपल बाळाच्या नाकासमोर धरा आणि त्याने चांगला मोठा आ करेपर्यंत थांबा. मग बाळाला छातीकडे आणा. आईने पुढे वाकायचं नाही, नाहीतर पाठ गेलीच म्हणून समजा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, एवढं दिसलं-ऐकू आलं की झालं. नुसतं निपल तोंडात असेल तर बाळ तासभर चोखतं, पोट भरत नाही, आणि आईला चिरा पडतात. दुखत राहिलं तर स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका.

पिता पिता झोपलं तर दुपटं सोडा, तळवे चोळा. आपल्याकडे बाळाला गच्च गुंडाळायची भारी हौस, मग ते उबेने पेंगतं. हाताने छाती हलकी दाबून धरली की दूध येतं आणि बाळ परत गिळायला लागतं.

बसायची जागा आधीच लावून ठेवा: पाठीला लोड, पायाखाली पाट, हाताखाली उशी, शेजारी पाणी आणि चार्जर. सुती दुपटी तुळशीबागेतून भरपूर आणा. अळिवाचा लाडू एका हाताने खाता येतो, खीर येत नाही. स्वयंपाकघरातल्यांनी हे ध्यानात ठेवावं. डोळे मिटायला लागले तर आईने सोफ्यावर बाळाला घेऊन बसू नये, तिथे झोप लागणं धोक्याचं. जावई हिंजवडीहून आले की हात धुऊन ढेकर काढायला नात त्यांच्याच खांद्यावर. तेवढ्यात लेक गरम जेवते.

मालिशवाल्या मावशींनी गुटी आणि मधाचं बोट सुचवलं. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाहीच, असं मी त्यांना चहा देऊन सांगितलं.

संध्याकाळी पाहुणे नकोत. सोसायटीच्या ग्रुपवर मी "बाळाला भेटायची वेळ सकाळी ११ ते १२" असं टाकलं. एकदोघी रुसल्या. त्यांतली एक परवा बरोब्बर अकराला डिंकाचे लाडू घेऊन हजर!