पीएलएम वापरताना या चुका टाळा: रिलीज दाबलं म्हणून मशीनवरचा जॉब बदलत नसतोय

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा, तिकडं निपाणीपर्यंत, आता बऱ्याच युनिटात पीएलएम आलंय, म्हणजे भागांची ड्रॉइंगं, नंबर आणि त्यातले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर. कुणाकडं टीमसेंटर, कुणाकडं विंडचिल, कुणाच्या गळ्यात गिऱ्हाईकानंच "ड्रॉइंग आता पोर्टलवरनं घ्यायचं" म्हणून मारलेलं. सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते वापरणाऱ्यांशी, कारण कुठल्याबी युनिटात जावा, चुका त्याच, आणि शेवटी रिजेक्शन क्वालिटीवाल्याच्या नावावर.

नंबर तोच ठेवून नुसतं रिव्हिजन चढवणं

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतंय. नियम तसा जुनाच आहे: नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना भाग नव्याच्या जागी, दोन्हीकडनं डोळे झाकून चालत असेल तर रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगच्या आवृत्तीचं ए-बी-सी अक्षर, बदला. आकार, फिटिंग, काम यातलं एक जरी हललं तर नवा पार्ट नंबर. पण नवा नंबर म्हणजे ईआरपीत (स्टॉक-खरेदीच्या सॉफ्टवेअरात) नवं आयटम, परचेसला मेल, स्टोअरला नवा बिन, म्हणजे काम वाढलं. म्हणून शॉर्टकट, बी चं सी करा आणि रिलीज दाबा, म्हणजे ड्रॉइंग वापरायला मोकळं.

इथल्याच एका युनिटातली गोष्ट सांगतो, नाव कशाला घ्या. हायड्रॉलिक सिलिंडरचं एंड कव्हर. गिऱ्हाईकानं ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी रिंग) बदलली, २.६२ मिमी जाडीची काढून ३.५३ ची टाकली. साहजिकच रिंगची खाच रुंद पण झाली आणि खोल पण झाली, २.८ च्या वर गेली. डिझाइनच्या पोरानं थ्रीडी मॉडेल सुधारलं, ड्रॉइंग सुधारलं, इंजिनिअरिंग बीओएममध्ये, म्हणजे डिझाइनच्या सुट्या भागांच्या यादीत, नवी रिंग टाकली, एकदम व्यवस्थित. कव्हरचा नंबर मात्र तोच, फक्त रिव्हिजन पुढचं. इफेक्टिव्हिटीचा, म्हणजे बदल कधीपासनं लागू त्याचा, रकाना रिकामा. संध्याकाळी रिलीज आणि गडी घरी.

आता काय झालं बघा. मशीन शॉपला नवं ड्रॉइंग गेलं, त्यांनी नव्या खाचेची कव्हरं काढली. स्टोअरला नंबर तोच दिसतोय म्हटल्यावर मामांनी जुन्या बिनमध्येच टाकली, त्यांची काय चूक हो? आणि मॅन्युफॅक्चरिंग बीओएम, ज्यावरनं असेंब्लीला भाग देतात तो, ईआरपीत वेगळा होता, तो कुणी हलवलाच नव्हता, त्यामुळं असेंब्लीला किटमध्ये रिंग जुनीच आली. २.८ खोल खाचेत २.६२ ची रिंग म्हणजे तिच्यावर दाबच येत नाही, ती नुसती पडून राहणार. टेस्ट बेंचवर प्रेशर दिलं की तेल बाहेर. मग काय, सगळे सील सप्लायरच्या नावानं ओरडायला लागले, रिंगची हार्डनेस तपासा, लॉट परत पाठवा. कुणीतरी धावपळ करून नव्या रिंगा मागवल्या तर त्या बिनमधल्या जुन्या कव्हरात गेल्या, जाड रिंग उथळ खाचेत, असेंब्ली करताना कापल्या आणि परत गळती. दोन उलट्या कारणांनी एकच दोष, आणि कव्हरं नंबरावरनं वेगळी काढायला येत नाहीत. शेवटी पोरं डेप्थ मायक्रोमीटर घेऊन बसली, एकेक खाच मोजत.

मॅनेजर साहेब म्हणतात, "पण सिस्टीममध्ये रिलीज झालंय की!" झालंय की साहेब. सिस्टीममध्येच झालंय.

माझी सवय सांगतो, पद्धत म्हणा नाहीतर खोड म्हणा. रिलीजच्या आधी मी त्या नंबरचं व्हेअर-यूज्ड, म्हणजे तो भाग कुठं कुठं लागतोय त्याची यादी, काढतो, कागदावर प्रिंट घेतो, आणि पेन घेऊन फिरतो: स्टोअर, लाईन, आणि फोन करून प्लेटिंगवाला, ग्राइंडिंगवाला, फाउंड्री. जुना माल कुठं किती पडलाय ते लिहितो आणि प्रत्येकापुढं वापरा, रिवर्क की स्क्रॅप ते तिथंच ठरवून घेतो. मग इफेक्टिव्हिटी भरायची, तारखेनं किंवा लॉटनं. "ईआरपीत स्टॉक दिसतोय की" म्हणणाऱ्या नव्या पोरांनी एकदा जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये जाऊन यावं, म्हणजे ईआरपीत काय काय दिसत नाही ते कळेल.

कास्टिंग असेल तर अजून एक. पॅटर्न आणि कोअर बॉक्सला (ओतकामाचा साचा करायच्या नमुन्यांना) पण पीएलएममध्ये स्वतःचा नंबर आणि रिव्हिजन द्या आणि भागाला जोडा. ड्रॉइंग डी वर गेलेलं आणि पॅटर्न फाउंड्रीच्या माळ्यावर बी वरच झोपलेला, हे इथं नेहमीचं आहे.

एक्सेलमधनं बीओएम ढकलणं

पीएलएममधनं बीओएम काढायचा, एक्सेलमध्ये "जरा नीट" करायचा आणि परत अपलोड. ही घाई मला कधीच कळली नाही. एक्सेल उघडल्या उघडल्या ००४५१२ चं ४५१२ करतंय, मधी ई असलेला नंबर, समजा १२ई५, त्याची मोठी संख्या करतंय, ३-१२ ला तारीख समजतंय, आणि १५ अंकांच्या पुढं गेलं की उरलेले अंक सरळ शून्य. अपलोडला एरर येत नाही, ४५१२ नावाचा नवाच पार्ट तयार होतोय, आणि महिन्याभरानं परचेस विचारतंय की दोन नंबर का आहेत म्हणून. एक्सेल लागतंच असेल तर फाइल डबल क्लिक करू नका, इम्पोर्ट करून नंबरचा कॉलम टेक्स्ट धरा. मी तर नव्या नंबरिंगमध्ये पुढं शून्य आणि मधी ई ठेवूच देत नाही, भांडण झालं तरी चालतंय.

बाकीच्या, थोडक्यात

ड्रॉइंग बदललं पण कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं ते), पीएफएमईए (काम करताना कुठं काय चुकू शकतंय त्याचा तक्ता) आणि इन्स्पेक्शन शीट जुन्याच रिव्हिजनवर. ऑडिटर पहिलं हेच जुळवून बघतोय. हे तिन्ही कागद चेंज ऑर्डरलाच जोडा, ते रिलीज झाल्याशिवाय ऑर्डर बंदच होऊ नये असा वर्कफ्लो लावा.

गिऱ्हाईकाचं नवं स्पेसिफिकेशन मेलमध्येच पडून राहणं. आयएटीएफ १६९४९ मध्ये, म्हणजे गाड्यांच्या भागांच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये, त्याच्या रिव्ह्यूला १० कामाचे दिवस दिलेत, आणि मेलबॉक्स म्हणजे रेकॉर्ड नव्हे.

हत्तरगीकडं विमानाचे भाग देणाऱ्यांनी फर्स्ट आर्टिकलचा (एफएआय, पहिल्या भागाची पूर्ण तपासणी) रिपोर्ट भागाच्या त्या त्या रिव्हिजनला जोडायचा. नुसत्या फोल्डरमध्ये टाकला तर दोन वर्षं बंद पडलेला भाग परत चालू करताना नवीन एफएआय लागणार हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मशीनला चिकटवलेलं लॅमिनेटेड ड्रॉइंग. फाडा.

चेकआउट करून, म्हणजे फाइल स्वतःच्या नावावर लॉक करून, सुट्टीवर जाणं. गणपतीत तर अर्धा बीओएम कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर अडकलेला असतोय. मी शनिवारी दुपारी यादी काढतो आणि एकेकाला फोन लावतो, शिव्या खातो, पण चेक-इन करून घेतो.

सगळ्यांना ॲडमिन राइट्स, कारण "अप्रूव्हलला उशीर होतंय". उशीर अप्रूव्ह करणाऱ्या साहेबांमुळं होतंय, त्यांना बदली माणूस नेमून द्या.

आणि एक खास आपल्या भागातली. ऑपरेटर कुणी मराठी वाचतोय, कुणी कन्नड, म्हणून वर्क इन्स्ट्रक्शन दोन्ही भाषेत करतात, चांगलंच आहे. पण टाइप करतात श्रीलिपी नाहीतर जुन्या नुडीच्या फॉन्टमध्ये. पीएलएमच्या व्ह्यूअरमध्ये उघडलं की किडामुंगी दिसतंय, सर्च तर लागतच नाही, मग सुपरवायझर पेनानं लिहून मशीनला चिकटवतोय आणि त्या कागदाला रिव्हिजनच नसतंय. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, आणि मराठी नि कन्नड एकाच डॉक्युमेंट नंबरखाली ठेवा. वेगवेगळे नंबर दिले की मराठी सुधारतंय आणि कन्नड मागच्या वर्षीचंच राहतंय, मग एकाच मशीनवर दोन शिफ्टला दोन वेगळे टॉर्क.