जुन्याच बोर्डात वाय-फाय मॉड्यूल: दिवे, पंखे मोबाइलवर घेताना

घरातले दिवे मोबाइलवर घ्यायला भिंती फोडाव्या लागत नाहीत. बटणामागे काडेपेटीएवढं वाय-फाय मॉड्यूल बसवलं की दिवा मोबाइलवरूनही लागतो आणि जुन्या बटणानेही. काम अडतं ते बहुतेक वेळा ॲपपाशी नाही, बोर्डातल्या वायरींपाशी. म्हणून खरेदीच्या आधी बोर्ड उघडून बघा.

आधी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, आहे का ते तपासा. मॉड्यूल स्वतः सतत चालू असतं, त्यामुळे त्याला फेजबरोबर (करंट आणणारी वायर) न्यूट्रलही लागतो. ज्या बोर्डावर ६ अँपिअरचं सॉकेट आहे, तिथे तो असतोच. जिन्यात किंवा बाथरूमबाहेर नुसती बटणं असतील तर फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर एवढंच सापडण्याची शक्यता जास्त. तिथे न्यूट्रल नवा ओढून घ्या. त्याऐवजी अर्थिंगची हिरवी वायर वापरणं अत्यंत धोक्याचं आहे: पुढे कुठे अर्थिंग तुटलं तर फ्रिज, गिझरच्या पत्र्यावर करंट येतो.

आता जोडणी. हात बसलेला नसेल तर इथून पुढे वायरमन बोलवा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग मेन बंद करा आणि बोर्ड तपासा. स्क्रू सोडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

आपल्याकडच्या बोर्डात फेजची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी लूपने फिरवलेली असते. घोटाळा होतो तो इथेच. एका बटणाचा फेज काढला की पुढची सगळी बटणं बंद पडतात. त्या बटणावरून सुटलेली लूपची दोन्ही टोकं कनेक्टरमध्ये एकत्र बांधा आणि तिथूनच एक वायर मॉड्यूलच्या ‘एल इन’ला द्या. न्यूट्रल ‘एन’ला, दिव्याकडे जाणारी वायर ‘एल आउट’ला. रिकाम्या झालेल्या बटणापासून दोन वायरी ‘एस१’ आणि ‘एस२’ला. बऱ्याच मॉड्यूलमध्ये या दोन टोकांवर २३० व्होल्ट चालत नाहीत. जुना फेज बटणावर तसाच राहिला तर मेन चालू करताच मॉड्यूल जळतं. सोबतच्या कागदावरची आकृती आधी बघा, कारण काही मॉड्यूलची रचना वेगळी असते.

ॲपला मॉड्यूल सापडत नसेल तर राउटर बघा. ही मॉड्यूल बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ चं नाव एकच असेल तर जोडणीपुरतं ते वेगळं करा. बोर्डाची भिंतीतली पेटी पत्र्याची असेल तर रेंज घटते. मॉड्यूल मागे न दाबता पुढच्या प्लास्टिकच्या प्लेटलगत ठेवा.

कशाला काय लावायचं हेही महत्त्वाचं. २००० वॅटचा गिझर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. १० अँपिअरच्या मॉड्यूलवर तो कागदोपत्री बसतो, पण रोज तासभर चालला की टर्मिनल तापून काळी पडतात. गिझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घ्या. पाण्याच्या मोटरचा सुरुवातीचा करंट कित्येक पट असतो, म्हणून तिथे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट सांभाळणारा कॉइलवर चालणारा स्विच, बसवा. मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवायची. पंख्याला दिव्याचा डिमर लावला तर पंखा घूं घूं आवाज करतो. पंख्याचा वेग बदलण्यासाठी असलेलं कपॅसिटरचं मॉड्यूलच घ्या.

शेवटी ॲपमधली एक सेटिंग, जी बहुतेकांकडून राहून जाते: लाइट जाऊन आल्यावर काय व्हावं. दिव्यांना ‘आधीची स्थिती’ चालेल, गिझर आणि मोटरला मात्र ‘बंद’च ठेवा, नाहीतर घरी कोणी नसताना ती आपोआप सुरू होतील. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरचे दिवे चालू राहतात, पण वाय-फाय गेलं की ते घराबाहेरून बंद करता येत नाहीत.