एकच टायर, रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही: निवडीपासून परतीपर्यंतची तयारी

ट्रॅक डेची, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवसाची, तारीख ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात जास्त पकड कुठल्या टायरला?’ माझ्या यादीत हा प्रश्न बराच खाली येतो. सगळ्यात वर असतं ते हे: ट्रॅकवर जायचं आणि यायचं ते याच टायरवर का, आणि वाटेत पाऊस गाठू शकतो का? ट्रॅकवर घसरलात तर बाजूला मोकळी जागा असते, रस्त्यावर ती नसते. शिवाय ट्रॅकवर पाऊस आला तर सेशन (ट्रॅकवर उतरायची ठरलेली पाळी) सोडून देता येतं, घर गाठणं सोडून देता येत नाही. म्हणून दोन्हीकडे चालवायचा टायर निवडताना आधी परतीची वाट डोळ्यांसमोर आणा आणि मग लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला लागणारा वेळ.

त्यासाठी स्वतःच्या वापराचा खरा हिशेब मांडा. मनातला नको, प्रत्यक्षातला. वर्षात एखाद-दोन वेळा ट्रॅकवर जाणं होत असेल आणि एरवी गाडी रोजच्या कामाला लागत असेल, तर उत्तम प्रतीचा समर टायर (उबदार हवेसाठी बनवलेला रस्त्याचा टायर) पुरतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस किंवा कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ हे त्या जातीचे. ओल्या रस्त्यावर ते शहाण्यासारखे वागतात आणि ट्रॅकवर शिकाऊ माणसाला जेवढं लागतं त्याहून जास्तच देतात. ट्रॅक नेमाने होत असेल आणि गाडी पावसात फारशी निघत नसेल, तर त्यावरची पायरी, म्हणजे ज्यांना लोक सरसकट ‘२०० वाले’ म्हणतात ते टायर. आणि ट्रॅकचं वेड त्याच्याही पुढे गेलं असेल, तर एकाच टायरवर दोन्ही भागवायचा हट्ट सोडा आणि रिमचा दुसरा संच घ्या. महाग वाटतो, पण मऊ रबर रोजच्या ये-जा करण्यात झिजवणं त्याहून महाग पडतं.

आता हे ‘२००’ काय ते समजून घ्या, कारण इथे फसगत फार होते. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर असं लिहून पुढे आकडा असतो. अमेरिकेतल्या नियमानुसार ठरलेल्या रस्त्यावर सुमारे ११,६०० किलोमीटर टायर चालवून, १०० धरलेल्या एका प्रमाण टायरशी त्याच्या झिजेची तुलना होते. आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, असा साधारण अर्थ. पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच लावते. पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतो, एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ वर ३४०, टोयो प्रॉक्सेस आर८८८आरवर १००. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांच्या नियमांत बऱ्याच गटांना २०० ही किमान मर्यादा आहे, त्यामुळे कंपन्या त्या रेषेवर पाय ठेवून जमेल तेवढं मऊ रबर बनवतात. परिणाम असा की एकाच आकड्याखाली अगदी वेगळ्या स्वभावाचे टायर मिळतात. योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ वर २०० असतो आणि हँकूक व्हेंटस आरएस४ वरही २००. पहिला एक-दोन लॅपमध्येच तापून जबरदस्त पकड देतो, पण जड गाडीखाली लांब सेशनमध्ये लवकर दमतो आणि झिजतोही भराभर. दुसरा तापायला वेळ घेतो, सर्वोच्च पकड थोडी कमी देतो, पण तासन्‌तास तेच वागणं टिकवतो. ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस आणि फाल्कन अझेनिस आरटी६६० हेही याच आकड्याचे. तेव्हा आकडा बघून गट ठरवा, टायर नव्हे. आणि बाजूला ‘ट्रॅक्शन एए’ दिसलं म्हणून हुरळू नका: ती श्रेणी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून मोजलेली असते. वळणातल्या पकडीबद्दल ती काहीच सांगत नाही.

आर८८८आरसारखा टायर रस्त्यावर चालवायला मान्यता असलेला असतो, हे खरं. पण त्याला खाचा मोजक्या, रबर थंड असताना निर्विकार, आणि साचलेल्या पाण्यात टायर लवकर तरंगू लागतो. रस्त्यावर चालवता येतं आणि रस्त्यावर चालवावं यांत फरक आहे. ज्यांच्या प्रवासात पाऊस संभवतो त्यांनी ही पायरी सोडूनच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवडीत जास्तीत जास्त वेळ द्यायचा तो उष्णतेच्या प्रश्नाला. साधा रस्त्याचा टायर ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला तुपट का होतो? नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. वळणात तिचे उंच ठोकळे आडवे वाकतात, परत सरळ होतात, पुन्हा वाकतात, आणि प्रत्येक वाकण्यात रबराच्या आत उष्णता तयार होते. रस्त्यासाठीचं रबर ती सोसू शकत नाही. पृष्ठभाग मऊ होऊन पकड सुटते आणि तरीही दामटत राहिलात तर कडेचे तुकडे उडू लागतात. ट्रॅककडे झुकलेल्या टायरांची नक्षी मुळातच उथळ, ठोकळे मोठे, कडेचा भाग जवळजवळ सलग असतो तो यासाठीच. शर्यतीतले लोक तर नवा टायर मुद्दाम तासून पातळ करतात. यातून एक विचित्र गोष्ट निघते: अर्धा झिजलेला टायर कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा बरा वागतो आणि त्याच वेळी पावसात तो नव्यापेक्षा बेभरवशाचा असतो. ‘मागच्या वेळी मस्त चालला’ हा दाखला म्हणूनच पावसाळी परतीला लागू पडत नाही. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण टायर गोटा होईपर्यंत वाट पाहू नका. ओल्या रस्त्याची शक्यता असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली मी समाधानी नसतो.

नवशिक्यांसाठी एक जरा आगाऊ सल्ला: पहिल्या काही ट्रॅक डेला फार चिकट टायर घेऊच नका. साधा समर टायर पकड सोडण्याआधी ओरडतो, हळूहळू घसरतो आणि चूक लगेच कळवतो. चिकट टायर तीच चूक पोटात घालतो आणि मग जास्त वेगात, कमी इशाऱ्यात एकदम सोडून देतो. शिकवणारा टायर आणि वेगवान टायर एकच असेल असं नाही.

गट ठरला की बाजूवरचं वाचन. २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं लिहिलेलं असेल तर रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंचांची, भार निर्देशांक ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. व्ही २४० ला, वाय ३०० ला. गाडीच्या कंपनीने दिलेल्या भार निर्देशांकाच्या खाली कधीही उतरू नका. वळणात बरंचसं वजन बाहेरच्या दोन चाकांवर जातं तेव्हा तोच आकडा कामाला येतो. वेगाचं अक्षर मात्र पकडीची हमी नव्हे. चार अंकी तारीख बघा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा ट्रॅक टायर पुष्कळदा जुना साठा असतो आणि मऊ रबराला वय लवकर कळतं.

रुंदी वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. २२५/४५ आर १७ च्या जागी २४५/४० आर १७ बसवला तर व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे साधारण एक टक्का. एवढा फरक स्पीडोमीटर आणि एबीएस सहसा निभावून नेतात. अडतं ते रिमवर. २२५ चा टायर सात ते साडेआठ इंच रुंद रिमवर बसतो, २४५ ला किमान आठ इंच लागते. साडेसात इंचांच्या रिमवर तो चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बाजू फुगते, वळणात डोलते, आणि रुंदीचा फायदा तिथेच संपतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबलं गेल्यावर टायर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासतो का, हेही टायर विकत घेण्याआधी तपासा. चारही चाकांना जोर असलेली गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे हवेत. परिघात फरक पडला की त्याचा ताण डिफरेन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरवर) जातो. दोनच नवे घालून काम भागवायची सोय अशा गाडीत नाही.

टायर बसवायला नेताना अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवणंही, त्याच फेरीत उरका. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांना कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर कल) जेमतेम एखादा अंश असतो, त्यामुळे ट्रॅकवर टायरची बाहेरची कड खरवडून निघते आणि आतला अर्धा भाग कोराच राहतो. सस्पेन्शन परवानगी देत असेल तर उणे (चाकाचा वरचा भाग आत कललेला) दोन-अडीच अंश रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे निभावण्याजोगे. टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) मात्र शून्याच्या आसपास ठेवा. रस्त्यावर टायरची आतली कड खाऊन टाकतो तो मुख्यतः टो, कॅम्बरवर विनाकारण खापर फुटतं.

चिकट टायर गाडीचे बाकीचे दुबळे दुवेही उघडे पाडतो. पकड वाढली की ब्रेक उशिरा आणि जोरात लागतात, ब्रेक ऑइल जास्त तापतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. तेव्हा टायरच्या बजेटमध्ये ताजं ब्रेक ऑइल आणि योग्य पॅड धरूनच चला. इंजिन ऑइलही वरच्या खुणेपर्यंत असू द्या, कारण लांब वळणात ते एका बाजूला जमतं आणि पंपाला मिळेनासं होतं.

नवा संच थेट ट्रॅकवर नेऊ नका. आधी काही दिवस रस्त्यावर शांतपणे चालवा, मग ट्रॅकवरचं पहिलं सेशन हळूहळू वेग वाढवत करा आणि जमलं तर टायर पूर्ण दिवसभर गार होऊ द्या. या तापण्या-निवण्यात रबर एकसारखं बसतं. पुढे प्रत्येक वेळी ते तापतं आणि निवतं तसं थोडं थोडं कडक होत जातं, म्हणून नक्षी शिल्लक असूनही पकड गेलेली असू शकते.

आदल्या रात्री गाडीत ठेवायचं: खात्रीचा प्रेशर गेज, हवा भरायचा पंप, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि चाकाच्या नटांचा नेमका टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लिहिलेला कागद, नक्षीची खोली मोजायचा गेज, खडू, वही. चारही टायरांच्या आतल्या बाजू टॉर्चने बघा. फुगवटा, चिरा, दिसणारे धागे असले तर बेत रद्द. पंक्चर काढलेला टायर रोजच्या वापराला चालेल, ट्रॅकवर नको.

ट्रॅकवर सकाळी गार टायरचा दाब लिहून ठेवा. सेशनमध्ये तो सहा ते दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वाढतो. म्हणून लक्ष्य ठेवायचं ते गरम दाबाचं, आणि ते टायरनुसार बदलतं. बऱ्याच २०० वाल्यांचा सूर ३२ ते ३६ च्या दरम्यान लागतो. पिटमध्ये (ट्रॅकवरून बाहेर येऊन गाडी थांबवायच्या जागेत) शिरताच मोजा, पाच मिनिटांनी मोजलेला आकडा दुसरंच काही सांगतो. कडेवर खडूची रेघ मारा: ती बाजूपर्यंत पुसली गेली तर टायर जास्त लोळतोय, नक्षीवरच शाबूत राहिली तर हवा जास्त आहे. तापमान आत-मध्ये-बाहेर अशा तीन जागी मोजायचं असेल तर सुई टोचायचा पायरोमीटर (तापमापक) घ्या. इन्फ्रारेड फक्त वरची त्वचा वाचतो आणि ती पिटपर्यंत येईतो निवते. पहिल्या सेशननंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

बहुतेक जण यादी घडी करून ठेवतात तो क्षण म्हणजे शेवटचं सेशन, आणि मला काळजी तिथूनच सुरू होते. गरम असताना ३४ वर आणून ठेवलेला टायर निवला की २७-२८ वर येतो. त्या दाबात चार माणसं आणि सामान घेऊन महामार्गावर सुटलात तर बाजू अति वाकून तापतात. म्हणून टायर हाताला गार लागेपर्यंत थांबा आणि दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरा. ट्रॅकवर गोळा झालेले रबराचे गोळे टायरला चिकटलेले असतात. मोठे असतील तर खरवडून काढा, नाहीतर चाक असंतुलित असल्यासारखी थरथर होते. पहिले काही किलोमीटर ती थोडी राहील आणि मग कमी होत जाईल. न थांबणारी किंवा वाढत जाणारी थरथर आली तर गाडी बाजूला घ्या आणि आधी नट बघा.

थंड हवेच्या प्रदेशात राहत असाल तर हंगाम संपल्यावर हे टायर काढून ठेवा. सात अंशांच्या खाली समर रबराची पकड झपाट्याने उतरते आणि कडाक्याच्या थंडीत ट्रॅक टायर हलवल्याने, वाकवल्याने तडकू शकतो. ठेवताना स्वच्छ धुवा, ऊन आणि पंपासारख्या यंत्रांच्या इलेक्ट्रिक मोटरपासून लांब ठेवा, आणि प्रत्येकावर खडूने लिहा: कुठल्या चाकाचा, नक्षी किती उरली, किती सेशन झाली.