जाळ्याचं शिसं ओतताना रक्तदाब सांभाळा
हर्णै असो वा मालवण, मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरी ओतत असाल तर हे वाचाच. शिसं शरीरात साठलं की रक्तवाहिन्या कडक होतात आणि रक्तदाब चढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 साली शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक हे विषारी धातू हृदयविकाराचा धोका वाढवतात असं स्पष्ट मांडलं.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. त्याहून फार तापवू नका, धूर वाढतो. चूल उघड्यावर मांडा आणि वारा बाजूने येईल असे बसा. पाठीवरून आला तर धूर भोवऱ्यासारखा तोंडाशीच फिरतो. साचा कडकडीत कोरडा हवा. थेंबभर पाण्याचीही वाफ होते आणि शिसं अंगावर उसळतं. भांडं स्वयंपाकात परत नकोच. थंड झाल्यावर राख झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. पोरं आणि गरोदर बायका लांब राहूद्यात. गोळी दातांनी दाबू नका. साबणाने हात धुतल्याशिवाय जेवण नाही, विडीही नाही (तिच्या धुरात कॅडमियम असतंच).

वर्षानुवर्षं हे काम केलं असेल तर रक्तदाबासोबत रक्तातलं शिसंही तपासून घ्या. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर आधी ओतणं थांबवा. शिसं काढायची औषधं डॉक्टरांशिवाय घेऊ नका.